एका टोकापायी गेलेलं वर्ष

एम.ए.चं माझं एक वर्ष एका टोकापायी गेलं, आणि मला त्याची आजही खंत नाही. ज्याला हळहळायचंय त्याने खुशाल हळहळावं.

गणित तसं सरळ होतं. कागदावरच्या प्रत्येक बिंदूपाशी समीकरण एक दिशा सांगतं. त्या दिशेने पेन्सिल नेत गेलं की वक्र उमटतात. एकाच बिंदूवर शून्य भागिले शून्य येतं आणि दिशाच मिळत नाही. नेमके सगळे वक्र तिथेच येऊन मिळतात, आणि प्रत्येकाला तिथे पक्ष्याच्या चोचीसारखं टोक येतं. माझा सगळा प्रबंध त्या टोकाबद्दल होता.

बाबा सदर भागातल्या सरकारी कचेरीत नकाशानवीस. प्रबंध द्यायच्या दिवशी सकाळी त्यांनी मला न सांगता माझी पेन्सिलीची आकृती शाईने पक्की केली. कौतुकानेच केली बिचाऱ्यांनी. पण नकाशात नाल्याचे दोन काठ मिळतात तिथे लाकडी साचा लावून रेघ गोल फिरवायची, ही त्यांच्या हाताची सवय. कॉलेजात माझ्या मार्गदर्शक सरांसमोर आकृतीची गुंडाळी उघडली, तर सगळी टोकं गोल.

सर खूश झाले. "आता कुठे आकृती आकृतीसारखी दिसते," म्हणाले आणि सहीसाठी पेन उघडलं.

"सर, ही चूक आहे. दोन दिवस द्या, नवी काढते."

"तारीख आजची आहे, बाई. आणि तिथे समीकरण काही बोलतच नाही, मग टोक गोल असलं काय नि अणकुचीदार असलं काय?"

माझं डोकंच फिरलं. "त्या बिंदूवर बोलत नाही, पण त्याच्या अगदी शेजारी स्पष्ट बोलतं. तिथे रेघ आडवी पडत जाते. ही तर गोल वळताना उभी राहिलीय."

"परीक्षक भिंग घेऊन बसणार नाहीत. हाच कागद द्या, नाहीतर पुढच्या वर्षी या."

"पुढच्या वर्षी येते," म्हटलं, आणि बिनसहीचा प्रबंध उचलून बाहेर पडले.

सरांपेक्षा बाबांना सांगणं जड गेलं. ते ऐकून खालीच बसले. "म्या घालवलं तुह्यं वर्ष. पण एवढुशा टोकासाठी तू काहून अडून बसली वं? देऊन टाकायचा होता कागद."

"तुम्ही काढलेली रेघ खोटी आहे, बाबा. तिच्याखाली माझं नाव नाही घालणार मी."

बाबांना असं मी कधी बोलले नव्हते. ते चष्मा लावून म्हणाले, "दाखव, कशी येते ते."

मी बिंदूशेजारच्या दिशा एकेक मांडून दाखवल्या. त्यांनी पट्टी लावून प्रत्येक तपासली, दोनदा. मग साचा खणात टाकला, कोरा कागद पसरला आणि पेन माझ्या हातात दिलं.

"बाकीची रेघ म्या ओढतो," ते म्हणाले. "टोक तू काढ."