काकांची टाकाऊ पानं

माझे काका शिंपी. रविवारी दुपारी ते दुकानाचं शटर अर्धं ओढतात आणि कापड बेतायच्या टेबलावर पोकरचा डाव मांडतात. पैशांऐवजी शर्टाची बटणं. ती हरण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही.

एक गोष्ट मला छळत होती. हलकी पानं आली की काका कधी समोरच्याइतकीच बटणं टाकून गप्प बसतात, तर कधी मूठभर पुढे सारून त्याला पळवून लावतात. हे ठरवतात कशावरून? त्यांच्या भुवया निरखल्या, मिशा निरखल्या. काही पत्ता लागेना. शेवटी न राहवून विचारलंच.

"अरे, पानं जराशीच हलकी असली तर उघडल्यावरही जिंकू शकतात," काका म्हणाले. "मग उगाच गाजावाजा कशाला? बरोबरी करायची. पण अगदीच टाकाऊ असली, तर ती उघडायची वेळच येऊ द्यायची नाही. तेव्हा वाढवायचं, तेही छाती काढून."

"हे शिकलात कुठे?"

"याच टेबलावर. शिवण सूतभर चुकली तर मी गप्प बसतो, कुणाला दिसत नाही. कात्री भलतीकडेच गेली, तर तिथे झोकदार खिसा लावतो आणि सांगतो, नवी फॅशन आहे."

काजं करत बसलेली काकू खुदकन हसली आणि माझ्याकडे बघून एकदम गप्प झाली.

मी अंगातल्या कोटाकडे पाहिलं. काकांनी माझ्या लग्नासाठी शिवलेला. आजही लोक त्याच्या खिशांचं कौतुक करतात.

सात आहेत.