विमानाचा विमा आन् आमची जाऊबाई

गोठ्यात म्हस असली की रोज सकाळी शेनाची नवी पाटी. ती उकिरड्यावर टाकून यावं, तर दुसरी तयार! माळावर विमान आलं तवापासून आमच्या किश्शांचं तसंच झालंय. एक सांगून हुतोय तवर दुसरा तयार. आज चहाला बसलाच हाईत तर ऐका. शेवटचा सांगताना मातर मधी कुनी बोलायचं न्हाई.

विमान म्हंजी ते शिर्डीला उतरतंय तसलं मोठ्ठं न्हवं. दोन शिटांचं, हौसेचं. माझा भाचा दत्ता, त्याचं काष्टीत ट्रॅक्टरचं गॅरेज हाय. त्यानं आन् श्रीरामपूरच्या कॅप्टननं भागीत घेतलं, सेकंड हँड. कॅप्टन हवाईदलातनं रिटायर झाल्यात, पन मिशी आजून नोकरीवर हाय! आन् उडवायचं कुटनं? तर माझ्या मुरमाड माळावरनं. तिथं कुसळाबिगर कायबी येत न्हाई. म्हनलं, विमान तरी येऊ द्या!

* * *

ट्रकातनं उतरवलं, पंख जोडले. आता नवी गाडी आली की आपन काय करतो? हळद-कुकू, चाकाखाली लिंबू, आन् नारळ. नारळ फोडायचा मान आत्याचा, म्हंजी माझा. आजवर किती ट्रॅक्टरच्या बंपरवर फोडले, गनतीच न्हाई. हाताला तेवढाच जोर ठावं. भैरोबाचं नाव घेतलं आन् दिला ठेवून नाकावर!

नारळ शाबूत. विमानाच्या नाकाला तडा!

दत्ता रडकुंडीला आला. "आत्या, फायबर हाय गं ते!"

मी म्हनलं, "मंग आधी सांगायचं न्हाई व्हय? मी नारळाला सांगितलं असतं!"

* * *

माळाच्या खालच्या अंगाला माझ्या जाऊबाईचं घर. गोदा तिचं नाव. ती एकदा दिल्लीला लेकाकडं विमानानं गेल्ती. तवापासून तिचं एकच पालुपद. भाजी निवडताना, कुनाच्या मयतीला, कुटंबी: "वरून मानसं मुंगीयेवढी दिसत्यात बाई!"

त्या दिवशी नाकाचा तडा बघून ती हासली ते पार खोकला लागंपतुर. आन् समद्या आळीदेखत म्हनली, "तू बसनार व्हय यात? आगं, तू विमानात बसलीस तर चपलेनं हान मला!"

मी पदराला गाठ मारली.

लगीच कॅप्टनकडं गेले. म्हनलं, "कवा बसू?"

कॅप्टन शुद्ध बोलत्यात. म्हनले, "आत्या, विमा उतरवल्याशिवाय मी चाकसुद्धा हलवणार नाही. आणि विमानाचा विमा परवडत नाही, म्हणून तर लोक विमानं विकतात."

म्हंजी माझी वाट आडली कुटं? विम्यात. मंग विमा काढायचा म्हंजी काढायचाच! आन् परवडंल असाच काढायचा.

* * *

आमच्या भागात विम्याचा एकच जानकार, बबन. गायी-म्हशींचे विमे काढतो. दत्ता म्हनला, "आत्या, ह्यो ढोरांवाला हाय." मी म्हनलं, "एकदा ढोरांचं जमलं की कशाचंबी जमतं. बोलीव."

बबन आला. विमानाला एक चक्कर मारली, पाठीवर थाप टाकली. ढोराचा विमा म्हनलं की मालक दावं धरून फोटूत लागतो. मंग दत्ताला उभा केला, पंखाला धरून. एक फोटू डाव्या अंगानं, एक उजव्या, एक तोंडाचा. मंग वाकून पुढचा पंखा बघितला, त्याची दोन पाती, आन् म्हनला, "दोन दाती दिसतंय. वय जास्त न्हाई."

कॅप्टनची मिशी हालली.

शेवटाला बबननं खिशातनं पिवळा बिल्ला काढला, म्हशीच्या कानात मारत्यात तो. "टॅग न्हाई तर क्लेम न्हाई. नियम म्हंजी नियम." आन् कान सापडंना म्हनून तारंनं शेपटीला बांधला!

कॅप्टन म्हनले, "दूध किती देतं, ते नाही विचारलंत?"

बबन म्हनला, "ते मालकाला इचारायचं असतं, सायेब. तुमी भागीदार."

* * *

मंग कॅप्टननं मोठ्या कंपनीला फोन लावला, स्पीकरवर. तिकडनं एक पोरगी लई गोड बोलत हुती. विमान मोडलं तर येगळा विमा, खाली कुनाचं नुकसान झालं तर येगळा, शेजारच्या शिटावर बसनाऱ्याचा येगळा. समदं मिळून तिनं आकडा सांगितला. दत्तानं तांब्या तोंडाला लावला तो खालीच ठेवंना.

मी फोन वढून घेतला. "बाई, तू पयली किंमत सांगितलीस. आता शेवटची सांग."

"आजी, असं नसतं हो यात."

"काष्टीच्या बाजारात बी समदे असंच म्हनत्यात. बरं, कशानं कमी हुतं ते तर सांग?"

पोरगी गुनाची हुती. म्हनली, विमान उघड्यावर न ठेवता शेडमधी ठेवलं तर कमी. बारीकसारीक दुरुस्ती सोताच्या पदरनं करू म्हनलं तर कमी. आन् चालवनारा एकच, अनुभवी ठेवला तर लई कमी. "दुसरे पायलट नवशिके आहेत ना? त्यांचं नाव काढलं तर बराच फरक पडेल."

दुसरा पायलट म्हंजी आमचा दत्ता. आत्ताच शिकला हुता. नाव काढून तिनं परत आकडा सांगितला. पार खाली आला की वो!

दत्ताचं तोंड बारीक झालं. मी त्याच्या पाठीवर हात ठिवला. "रडू नगं रं. आजवर तुझी येवढी किंमत कुनी केली न्हवती!"

मंग कॅप्टननं कबूल केलं, आदी ह्याला शंभर येळा उतरवायला शिकवीन, मंगच नाव चढवायचं. दत्ता निवला.

* * *

तरीबी आकडा जडच हुता. एक दिवस मी शेळ्या घेऊन विमानाच्या नव्या शेडच्या मागनं चालले, तर आतनं कुजबुज. कॅप्टन म्हनत हुते, "शेजारच्या सीटचा विमाच नको घेऊया. मी एकटाच उडवीन. आणि खालच्या लोकांचा कमीत कमी, कायद्यापुरता."

दत्ता म्हनला, "आन् आत्या?"

"आत्यांना आपण फोटो काढून देऊ विमानात बसलेला. उभ्या विमानात."

फोटू! म्हंजी जाऊबाई मरंपतुर हासंल.

मी आत गेलेच न्हाई. शेळ्या हाकल्या त्या थेट धावपट्टीवर. म्हस सोडली. घरनं बाज आनली, मधोमध टाकली आन् सुपारी कातरत बसले.

कॅप्टन धावत आले. "आत्या, हे काय?"

"माझा माळ हाय. तुमी भाडं देनार हुता न्हवं? ते नगं मला. त्या पैशात शेजारच्या शिटाचा विमा उतरवा. फोटूत बसायला मी काय नवरी हाय का?"

कॅप्टननं मिशी चावली. "ठीक आहे. सीटचा घेऊ."

"आन् खालच्या लोकांचा वाढवा."

"तो कशाला? खाली आहे कोण?"

मी बोट दावलं. विमान उठनार ते गोदाच्या गच्चीवरनंच. ती उभी हुती आंगनात, हात कमरंवर. "ती हाय खाली."

दत्ता म्हनला, "आगं आत्या, तुझं तर तिच्याशी पटत न्हाई!"

"न्हाई पटत म्हनूनच सांगती. तिला काय झालं तर भांडू कुनाशी?"

मंग काटछाट कशात केली? विमानाच्या मोडतोडीत. शेडमधी उभं आसताना आग लागली, झाड पडलं, तर कंपनी भरनार. उडताना मोडलं तर दत्ताचं गॅरेज हायच! मानसांचा विमा भारी, लोखंडाचा हलका. कॅप्टन फोन ठेवून म्हनले, "आत्या, हे मला आधी सुचायला पाहिजे होतं."

मी म्हनलं, "बाज उचलायला हात लावा."

* * *

कंपनीचा सायेब पुन्याहून बघायला आला. पांढरा शर्ट, हासनं न्हाईच. शेड बघितलं, आगीचा लाल डबा बघितला. मंग काठीवर फडकनाऱ्या कापडाकडं बघून इचारलं, "वाऱ्याची दिशा दाखवायला हे काय लावलंय?"

"आमच्या मालकांचं धोतर, सायेब. गेले बिचारे. जन्मभर वारा यील तिकडंच जायाचे, म्हनलं त्यांनाच लावू कामाला!"

सायेब हासला न्हाई. पुढं नाकाशी गेला. "हा तडा कशाचा?"

"नारळाचा."

"झाडावरून पडला?"

"न्हाई, हातानं घातला. पूजेला."

सायेबानं लिवून घेतलं. मंग शेपटीशी गेला आन् थांबला. पिवळा बिल्ला. बबन छाती काढून पुढं झाला, "टॅग मीच मारलाय, सायेब. आता बदलाबदलीची भानगड न्हाई."

तवा जो सायेब हासायला लागला! शेडच्या खांबाला धरून हासला. पानी दिलं तरी हासतच हुता.

जाताना डोळे पुसत दोन अटी घातल्या. धावपट्टीला कुंपन, म्हंजी शेळ्या येनार न्हाईत. आन् उडताना वरनं खाली कायबी टाकायचं न्हाई. मी समद्यात पयली मान हालवली.

कुंपन झालं. विम्याचा कागद आला.

* * *

आता ह्यो शेवटचा. गप बसा.

उडायच्या दिवशी समदी आळी माळावर जमलेली. एक जाऊबाई तेवढी आली न्हाई. ती तिच्या गच्चीवर कुरडया वाळत घालत हुती, पाठ फिरवून.

पूजा झालेल्या गाडीत चपला घालून चढायचं न्हाई, ही आमची रीत. मी दोन्ही चपला समद्यांदेखत काढल्या, कुंपनाशी जोडीनं ठिवल्या. वर गार असतं म्हनून अंगावर शाल घेतली. ती निसटली, म्हनून वाकून नीट गुंडाळली. कॅप्टन म्हनले, "चला आत्या, वारा चांगला आहे." बसले. पट्टा लावला.

विमान धावलं, उड्या मारल्या, आन् एकदम उड्या थांबल्या! खाली उसाचे हिरवे चौकोन, बाजारतळाचे पत्रे, आन् माझा माळ, भाकरीवरच्या करपलेल्या डागासारखा. जन्म गेला त्या मातीत, पन सगळा एका नजरंत कवा बघितला न्हवता. कॅप्टन म्हनले, "काय आत्या, कसं वाटतं?"

"गोदा खोटं बोलती," मी म्हनलं. "मुंगीयेवढी न्हाईत. चांगली मुंगळ्यायेवढी दिसत्यात!"

एक गिरकी घेऊन आमी जाऊबाईच्या घराकडं आलो. ती आता वर बघत हुती, डोळ्यांवर हात धरून.

मी इचारलं, "कॅप्टन, ही खिडकी कशी उघडती वो?"

"कशाला?"

"उकडतंय."

"आत्ता तर शाल घट्ट धरून बसला होता!"

उतरलो. पंखा थांबतोय न्हाई तोच जाऊबाई बांधावरनं तरातरा आली. पदराला कुरडयांचा चुरा, हातात एक चप्पल. बबन बांधावरनंच वरडला, "थर्ड पार्टीचं नुसकान! क्लेम बसतोय!" आन् जाऊबाईला उभं करून फोटू काढले. एक डाव्या अंगानं, एक उजव्या, एक तोंडाचा. चप्पल धरून.

कॅप्टननं कुंपनाशी बघितलं. तिथं उजवी चप्पल एकलीच.

"आत्या," कॅप्टन म्हनले, "दोन्ही चपला तुम्ही खाली काढल्या होत्या. मी स्वतः बघितलं."

"व्हय की," मी म्हनलं. "समद्या आळीनं बघितलं."

जाऊबाईनं माझी डावी चप्पल नेऊन उजवीशेजारी ठिवली, नीट जुळवली. मंग तिच्यापाशी सोताच्या दोन्ही काढल्या. कॅप्टनला म्हनली, "आता मी."

आन् माझ्याकडं वळून हात पुढं केला.

"शाल दे तुझी!"