सरदारसाहेबांचा चहा

आमच्या काकांनी पहिल्या महायुद्धाचा जेवढा धसका घेतलाय, तेवढा तेव्हाच्या युरोपातल्या राजांनीही घेतला नसेल. वडिलांच्या मित्राचे हे थोरले भाऊ. कॉलेजचं तोंड पाहिलेला मी आमच्या घरातला पहिलाच. इतिहास शिकायला सिंगापूरला आलो आणि बिशानमधल्या त्यांच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहू लागलो. काका पाया लेबार भागातल्या एका ऑफिसात मॅनेजर, पण बोलणं सगळं त्या युद्धाचं. लिफ्ट लगेच आली तरी त्यांना घोर लागे. "सगळं सुरळीत चाललंय ना? मग जपून राहा. तेव्हाही लोक मजेत सहलीला गेले होते. परत येतात तो लढाई!"

त्यांचा लाडका विषय म्हणजे तेव्हाच्या विलायतेतल्या बड्या घरांतल्या मोलकरणी. पोरी दारूगोळ्याच्या कारखान्यात गेल्या, हातात बरा पगार आला, पुन्हा कोणाची भांडी घासायला फिरकल्या नाहीत. पुढे बायकांना मताचा हक्कही मिळाला. "आणि सरदारसाहेब स्वयंपाकघरात उभे, चहाचा डबा शोधत!" असं म्हणून काका इतके हसत की हातातला कप हिंदकळे. तो कप काकूंनी आणून दिलेला असे.

"तुम्हांला तरी कुठे माहितीये डबा?" काकू विचारत.

"मला कशाला माहीत हवा?"

यंदा काकांच्या ऑफिसात माणसं कमी करायला लागले. नोकरी गेली की तिच्यावर मिळालेला इथे राहायचा पास जाणार आणि पास गेला की काका-काकूंना गाशा गुंडाळावा लागणार. काका जेवताना फोन पालथा ठेवू लागले. लढाईबद्दल चकार शब्द नाही. मला त्याचीच जास्त भीती वाटायची. एका दुपारी ते लवकर घरी आले, बूट न काढताच सोफ्यावर बसले आणि म्हणाले, "गेलं राज्य."

काकूंनी मात्र गुपचूप मुलाखती दिल्या होत्या. हिशेबनिसाची नोकरी मिळाली, त्यांच्या नावाचा पास झाला, आणि आता त्या पासवर काका इथे राहणार होते. पहिल्या दिवशी काकू घाईत एमआरटीची गाडी गाठायला निघून गेल्या. मी खोलीतून बाहेर आलो, तर काका ओट्यापाशी एकेक कपाट उघडून पाहत होते. डबा कुठे असतो ते मला माहीत होतं. सांगावं की नाही, कळेना. शेवटी नुसतं बोट दाखवलं.

चहा उतू गेला. उरलेला त्यांनी दोन कपांत ओतला. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी चाचरत विचारलं, "काका, पुढे त्या सरदारांचं काय झालं?"

त्यांनी साखरेच्या डब्याचं झाकण उघडलं.

"शिकले असतील रे," ते म्हणाले. "तू साखर किती घेतोस?"

इतक्या दिवसांत हे त्यांनी मला पहिल्यांदाच विचारलं होतं.