बोलावणं कोणी करायचं

मी बंगळुरूला निघाले त्या दिवशी आई मला वसई फाट्यापर्यंत सोडायला आली होती. बाबा आले नाहीत, कारण होड्या धक्क्याला लागायची आणि मासळीच्या लिलावाची वेळ तीच होती. सकाळी धक्क्यावर निरोप घ्यायला गेले, तेव्हा जाळं आवरता आवरता ते एवढंच म्हणाले, "तिथं कोनी इचारलं तर आपलं गाव सांगाला लाजू नको." आईनं सुक्या बोंबलांचं पुडकं पिशवीत पिशवी घालून बांधलं होतं. तरी बस सुटायच्या आत मागच्या सीटवरच्या बाईनं नाकाला रुमाल लावून कंडक्टरला बोलावलं आणि माझं पुडकं खाली डिकीत गेलं. आई खाली उभी राहून हे सगळं बघत होती. त्या दिवशी मी जी चिडले, ती अजून निवलेली नाही.

आता माझं सगळं बंगळुरूत आहे. टू बीएचके आहे, सकाळची ऑफिसची स्टँडअप मीटिंग आहे, संध्याकाळचा ट्रॅफिक आहे, आणि खिडकी उघडी ठेवून मासे तळू नयेत अशी सोसायटीच्या ग्रुपवर येणारी नम्र विनंती आहे. बाबा गेले. आई पाचूबंदरला, वसईच्या आमच्या कोळीवाड्यात, एकटी राहते, मी वर्षातून दोनदा जाते. तुमच्यातले बरेच जण तेवढंही जात नाहीत, पण किल्ल्याच्या तटावरचा सूर्यास्त टाकून खाली 'आमची वसई' लिहायला सगळे पुढे असतात. हे मी रागानं लिहितेय, आणि गाव सोडून गेलेल्या तुम्हा सगळ्यांना लिहितेय. जे मागे राहिले त्यांनीही वाचलं तर बरंच होईल.

वसई-विरारमधून निघालेले आपण कोड लिहिणारे लोक पुण्यापासून टोरांटोपर्यंत पांगलोय. मागच्या हिवाळ्यात ग्रुपवर ठरलं की एकदा गावीच जमायचं. कल्पना माझी होती. नेहमीच्या कॉन्फरन्ससारखं स्टेज नको, आधी ठरवलेले वक्ते नकोत. सकाळी एक कोरा फळा लावायचा, ज्याला जे सांगायचंय किंवा विचारायचंय ते त्यानं चिठ्ठीवर लिहून चिकटवायचं, आणि त्यातूनच दिवसाचं वेळापत्रक तयार व्हायचं. विरारला मनवेलपाड्याच्या इमारतींत, पाचूबंदरच्या गल्ल्यांत कोड लिहिणारी पोरं आहेत. ती एकमेकांना ओळखत नाहीत, आणि ओळखत नाहीत म्हणून माझ्यासारखी एकेकटी निघून जातात. त्या पोरांनी त्या फळ्यावर स्वतःच्या हातानं काहीतरी लिहावं, एवढंच मला हवं होतं. बाकी कशाशी मला देणंघेणं नव्हतं.

जागेवरूनच भांडण सुरू झालं. समीर माझ्याच कॉलेजचा, किनाऱ्यालगतच्या वाडीवाल्या बागायतदारांच्या घरातला, आता टोरांटोत. त्याला पवईचं हॉटेल हवं होतं. पाचूबंदरच्या समाज हॉलमध्ये वास येतो, असं त्यानं ग्रुपवर लिहिलं आणि पुढे हसरा चेहरा टाकला. आमच्याच बायकांनी दारात नेऊन विकलेले बोंबील खाऊन हा मोठा झाला, आणि तिकडे गेल्यावर याच्या नाकाला एवढा भाव आला. मीही जे सुचलं ते लिहिलं, ते इथं लिहिण्यासारखं नाही. शेवटी हॉल पाचूबंदरचाच ठरला.

हॉलची सगळी धावपळ रेश्मानं केली. ती मनवेलपाड्यात कॉम्प्युटरचा क्लास चालवते. फळा तिनं आणला, बंद पंखे तिनं चालू करून घेतले, वायफायवाल्याच्या मागे तीच लागली. ठरलेल्या दिवशी सकाळी हॉलबाहेर गाड्यांची रांग लागली, आणि आत बघावं तर सगळे आपलेच: पुणेकर, बंगळुरूकर, सुट्टीवर आलेले परदेशी, शिवाय मुंबईहून आलेली त्यांची मित्रमंडळी. इथली म्हणून फक्त रेश्माच्या क्लासची पाच-सहा मुलं मागच्या भिंतीला टेकून बसली होती. फळा बघता बघता भरला. कॅनडात कायमचं राहायचा पीआर कसा मिळवावा, पॅकेज कसं वाढवून घ्यावं, गुंतवणूकदार कसा गाठावा. समीरच्या एकट्याच्या तीन चिठ्ठ्या. गावात जमून गाव कसं सोडायचं ते आपण एकमेकांना शिकवणार होतो.

मी समीरला म्हटलं, इथली बाकीची पोरं कुठायत? तो म्हणाला, अशा जमण्याचा नियमच आहे, जे आले तेच योग्य लोक. वर म्हणाला, आपल्या लोकांत इनिशिएटिव्हच नाही, तू कशाला जीव काढतेस. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. येणं ज्यांना परवडतं त्यांनीच केलेला हा नियम. मी रेश्माकडे वळले आणि तिच्यावरही घसरले, की महिनाभर प्रत्येक ग्रुपवर मेसेज फिरतोय, मग कोणी आलं का नाही?

ती शांतपणे म्हणाली, "ताई, मेसेजनं कळतं. बोलावायला माणूस जावा लागतो. तुम्ही कोणाला बोलावलंच नाही."

आमच्या गल्लीत लग्न असो, साखरपुडा असो की होडीची पूजा, घरातलं माणूस दारोदार जातं, उंबऱ्याबाहेर उभं राहून त्या घरातल्या थोराचं नाव घेतं आणि बोलावतं. पत्रिका कितीही चकचकीत छापा, तसं बोलावणं नसेल तर शेजारचं घरसुद्धा येत नाही. वर वर्षभर ते बोलून दाखवतं. बंगळुरूच्या माणसाला हे ठाऊकच नाही, त्याला काय बोलणार? आपण तर यातच वाढलो. 'सर्वांचे स्वागत' असं लिहून आपण मोकळे झालो, आणि कोणी आलं नाही तेव्हा दोष त्यांच्या स्वभावाला दिला.

मी फळ्याजवळ गेले आणि दुपारच्या सगळ्या चिठ्ठ्या काढून टाकल्या. समीर म्हणाला, ही दादागिरी आहे. मी म्हटलं, आहे. आणि हॉलबाहेर पडले.

पहिलं दार हिरामावशीचं. तिची नात अंधेरीला टेस्टिंगच्या नोकरीला जाते. मी उंबऱ्याबाहेर उभी राहिले, मावशीच्या नवऱ्याचं नाव घेतलं, हॉलवर या म्हटलं. मावशीनं सगळं ऐकून घेतलं, आत बोलावलं, पाणी दिलं. मग माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "तू आता पाव्हनी बाय. पाव्हनीचं बोलावनं आमी कसं घ्यावं? तुझ्या आयेला येऊ दे."

तिनं ते मायेनं म्हटलं, म्हणून जास्त लागलं. याच दारात मी आईचा पदर धरून कितीतरी लग्नांची बोलावणी करत फिरले होते. तिथून मी तरातरा घरी गेले आणि आईवरच ओरडले, की मी कधीपासून पाहुणी झाले? आईनं हातातली कोळंबी झाकून ठेवली, हात धुतले, पदर खोचला आणि माझ्या पुढे चालू लागली. कोड म्हणजे काय ते तिला आजही सांगता येणार नाही. प्रत्येक दारात ती थोराचं नाव घ्यायची आणि म्हणायची, "कंप्युटरचं शिकलेलं जे कोन घरात असंल, त्याला हॉलवर धाडा. आमच्या घरचं बोलावनं हाय." मी तिच्या मागे उभी.

दुपारी पोरं आली. काहींच्या सोबत त्यांच्या आयाही आल्या आणि खुर्च्या ओढून बसल्या. फळ्यावर पहिली चिठ्ठी हिरामावशीच्या नातीनं लावली: घर एकाच खोलीचं असेल तर ऑनलाइन इंटरव्ह्यू कुठं बसून द्यायचा. तिच्याखाली दुसऱ्या कोणी लिहिलं, कोड जमतो, इंग्रजी अडतं, काय करू. त्या दोन चिठ्ठ्यांवरच संध्याकाळ झाली, आणि तरी कोणी उठेना. समीर जेवायलाच कुठल्याशा रिसॉर्टवर निघून गेला होता. भरलेल्या हॉलचा फोटो मात्र त्यानं दुसऱ्याकडून मागवून घेतला आणि टाकला. खाली लिहिलं, आमची वसई.

आता ग्रुपवर चर्चा चाललीय की पुढच्या वर्षी मोठं करू, लोगो करू, टी-शर्ट छापू. खुशाल करा. फक्त बोलावायला कोण जाणार, ते आधी सांगा. तुमच्यापैकी कोणाचं बोलावणं त्या गल्लीत अजून चालतं?

घर म्हणजे काय, ते मला त्या दिवशी समजलं आणि मला ते मुळीच आवडलेलं नाही. ज्याच्या नावानं दारोदार जाऊन बोलावता येतं ते घर. बंगळुरूच्या फ्लॅटच्या नावानं मी कोणाला बोलावू शकत नाही, आणि पाचूबंदरच्या घराच्या नावानं आता फक्त आई बोलावू शकते. त्या दुपारी शेवटच्या गल्लीत तिचे गुडघे धरले. मी म्हटलं, बस जरा. ती भिंतीला हात लावत तशीच पुढे गेली, कारण ती बसली असती तर पुढच्या दारांना बोलावणारं कोणी नव्हतं.