मुशीचं कालवण

काशीबाई अंबरनाथच्या शिवमंदिराजवळ मासळी विकतात. बाळंतिणीला दूध यावं म्हणून आमच्याकडे मुशीचं, म्हणजे लहान शार्कचं, कालवण देतात. तीस वर्षं आळीतल्या बाळंतिणींना मुशी त्यांनीच पुरवली. आता त्यांची सून नेत्रा बाळंत झाली होती आणि बाळाचं पोट भरत नव्हतं.

चार दिवस त्या पहाटे मुंबईच्या धक्क्यावर जाऊन रिकाम्या हाताने परतल्या. पाचव्या दिवशी ओळखीचा खलाशी म्हणाला, "मावशे, पाणी तापलंय. मुशी लांब खोल गेली. तारली मासळी ने, ढिगाने आलीय."

"तारलीने दूध येतं का रे मुडद्या?"

"मग समुद्रात बर्फ टाक."

काशीबाईंना हसूही आलं नाही. त्यांनी तारली घेतली आणि मुशीच्याच वाटणात शिजवली.

पहिल्या घासाला नेत्रा थांबली. "आई, ही मुशी नाय."

"नाय गावली गं. गावभर दिली, माझ्याच घरात नाय आली."

नेत्राने वाटी संपवली. डॉक्टरांनी बाळासाठी लिहून दिलेला दुधाच्या पावडरीचा डबा काशीबाईंनी इतके दिवस घरात येऊ दिला नव्हता. संध्याकाळी पाय ओढत त्या स्वतःच तो आणायला गेल्या.