घरमालकिणीच्या आईचं गाव

कतारमधल्या अल थुमामात आम्ही ज्या व्हिलाच्या मागच्या भागात भाड्यानं राहतो, तिच्या पुढच्या भागात आमची कतारी घरमालकीण राहते. ऐंशीच्या घरातली, काळ्या तुकतुकीत वर्णाची बाई. इथल्या जुन्या माणसांसारखं तिला मोडकंतोडकं हिंदी येतं. शुक्रवारी दुपारी ती मला आणि माझ्या मुलीला कॉफीला बोलावते. खरं सांगायचं तर, या देशात मला आपणहून घरात घेणारी ती एकटीच.

त्या शुक्रवारी मुलीच्या डोक्यात शाळेतलं भाषण होतं, अमेरिकेतल्या यादवी युद्धावर. तिथंही ती पुटपुटत बसली. म्हातारीनं विचारलं, पोरगी काय म्हणतेय? मी सांगितलं, एका देशात आपसात चार वर्षं लढाई झाली, लाखो माणसं मेली, तेव्हा कुठे गुलाम सुटले.

आता खजूर खात गप्प बसावं की नाही मी? पण आपल्या लोकांना खोडच आहे. समोरचा मूळचा कुठला हे कळल्याशिवाय घास उतरत नाही. गाव कळलं की आडनाव, आडनाव कळलं की पुढचं सगळं आपण मनातल्या मनात ठरवून मोकळे. मी विचारलं, "अम्मा, आपका असली गाँव कौन सा?"

तिचा हात कपावरच थांबला. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. इथं काळ्या माणसाला असलं काही विचारायचं नसतं, हे दहा वर्षं ऐकत आलेय मी. म्हटलं, खलास, हे दार आपल्याला बंद. तिनं मात्र माझ्या कपात पुन्हा कॉफी ओतली.

"गाव माझ्या आईलाच माहीत नव्हतं," ती म्हणाली. आईला लहानपणी पळवून, होडीत घालून इथं आणून विकलं होतं. पाणी आठवायचं, गावाचं नाव नाही. म्हातारी स्वतः मालकाच्या घरातच जन्मली. ती सहा-सात वर्षांची असताना मालकाच्या लेकीचं लग्न ठरलं. आपल्याकडे रुखवत देतात तसं पेट्या-गाद्यांबरोबर या पोरीलाही नवरीच्या सासरी द्यायचं ठरलं, लांबच्या गावी. आई रोज तिच्या केसांना तेल लावायची आणि बोलायची काहीच नाही. बोलून करणार काय?

माझी मुलगी भाषण सोडून तिच्याजवळ सरकली होती.

लग्नाला चार दिवस उरले असताना मालकानं सगळ्यांना अंगणात बोलावलं. हुकूम निघालाय म्हणाला, आजपासून तुम्ही मोकळे. ना लढाई, ना बंदूक; भर दुपारी, आई मासे साफ करत असताना. एका वाक्यात माणसं सुटतात? आणि ते एक वाक्य बोलायला इतकी वर्षं लागतात?

"कुणी रडलं, कुणी हसलं," म्हातारी म्हणाली. "आईनं कुठे राहायचं, काय खायचं, काही विचारलं नाही. एवढंच म्हणाली, मुलगीसुद्धा? मालक हो म्हणाला. तिनं परत विचारलं. तो परत हो म्हणाला. मग तिनं माझा हात धरला आणि दाराबाहेर पडली. बाजारापर्यंत चालत गेलो आम्ही. तिथं लोक बाजूला व्हायला लागले, तेव्हा तिच्या लक्षात आलं, मासे कापायची सुरी अजून दुसऱ्या हातातच आहे."