सहा वाजेपर्यंत मावशी

कात्रपमधल्या त्या पहिल्या मजल्यावरच्या घरात सकाळी नऊ वाजले की टीपॉय गॅलरीत जायचा, बाहेरच्या खोलीत सतरंजी पडायची आणि प्रीतीची मावशी व्हायची. तिच्या पाळणाघरात पाच मुलं यायची. ती तिला मावशी म्हणत, त्यांचे आईबापही मावशीच म्हणत. "मावशी, बाटली आता सोडवू का?" "मावशी, यंदाच शाळेत घालू की थांबू?" प्रीती मान किंचित तिरकी करून ऐकायची आणि विचार करून उत्तर द्यायची. एरवी तिला कोणी काही विचारत नसे. घराचे पडदे सासूने निवडले होते, मुलगा शाळेत जाऊ लागल्यावर दुसरं मूल नको हे नवऱ्याने ठरवलं होतं. नऊ ते सहा मात्र त्या घरात तिचा शब्द चालायचा.

तिची नणंद भाविका दोन इमारती सोडून राहते आणि अंबरनाथला एमआयडीसीतल्या एका कंपनीत ऑफिसला जाते. एका रविवारी चहा पिता पिता ती म्हणाली, "वहिनी, उद्यापासून तेजूला तुझ्याकडेच सोडते. पाच आहेत तिथे सहावी. तुला काय फरक पडतो?"

तेजस्वी चार वर्षांची. ती मामाच्या घरी यावं तशी आली. चप्पल घालून थेट आतल्या खोलीत. फ्रीज उघडायची, पलंगावर उड्या मारायची, जेवताना प्रीतीच्या मांडीवर बसायची. बाकीची पोरं सतरंजीवरून बघत राहायची. आठवड्याभरात रुळेल, असं प्रीती स्वतःला सांगत राहिली.

मग एका दुपारी तिला चिमी दिसली. चिमी सगळ्यांत लहान, सिंधी घरातली. तिचे आईवडील उल्हासनगरच्या कॅम्प एकमधून इकडे राहायला आलेले. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि तेजस्वीला विचारत होती, "पाणी पिऊ?"

"थांब," तेजस्वी म्हणाली. "हे माझ्या मामीचं घर आहे. तू पैशाची पोरगी आहेस."

एवढ्याशा तोंडात ते शब्द कुठून आले, हे प्रीतीला विचारावं लागलं नाही. भाविका दारात उभी राहून तेच म्हणायची, हसत हसत: ही पैशाची पोरं, आमची घरची.

त्या संध्याकाळी तिने भाविकाला थांबवलं. बोलताना हातातलं फडकं पिळत होती. "भाविकाताई, एक सांगू का? सहा वाजेपर्यंत तेजूनेही मला मावशीच म्हणायचं. आतल्या खोलीत जायचं नाही. सगळ्यांना जे, ते तिला. सहानंतर मी मामी."

भाविका खो खो हसली. "म्हणजे मी तुझी बहीण झाले? आणि दादा? त्याला काय भंगारात टाकला का?" मग पर्स खांद्यावर घेत म्हणाली, "कर बाई काय करायचंय ते. पोरांचा खेळ तर आहे."

पोरीला तो खेळ आवडला. ती रांगेत बसू लागली. पाण्यासाठी नंबर लावू लागली, चिमीच्या मागे. कधी विसरून "मामी" म्हणाली तर स्वतःच जीभ चावायची. संध्याकाळी आईची स्कूटी खाली वाजली की धावत यायची, "झाले सहा? आता मामी?" आणि प्रीती तिला उचलून घ्यायची. एका मुलाला दोन्हीकडून सांभाळता येतं, असं त्या दिवसांत तिला खरंच वाटलं होतं.

पुढच्या महिन्यात कॅम्प चारच्या जुन्या घरी धम्मदीपच्या, म्हणजे प्रीतीच्या नवऱ्याच्या, चुलतभावाच्या मुलाचं नामकरण होतं. बुद्धवंदना झाली, नाव ठेवलं, दुपारची पंगत बसली. प्रीती खीर वाढत होती. तेजस्वी रिकामी वाटी घेऊन तिच्यासमोर शहाण्यासारखी उभी राहिली.

"मावशी, मला अजून मिळेल? की नंबर यायचाय?"

शेजारची चुलत जाऊ थांबली. "अगो बाई! मावशी कोण? मामी आहे ना तुझी?"

"अजून सहा कुठे वाजलेत?" तेजस्वी म्हणाली.

पंगत हसली. कोणीतरी ओरडलं, "भाविका, तुझ्या पोरीला मामी पार्टटाइम मिळते काय गं?" पुन्हा हशा. भाविका हसली नाही. तिने वाटी पोरीच्या हातातून काढून घेतली आणि तिला ओढत आत नेलं.

आतल्या खोलीत सासू, द्रौपदीबाई, गादीवर बसल्या होत्या. "पैसे घेऊन सांभाळतेस त्या पोरांत बसवलीस माझ्या नातीला?"

"आई, तिथे सगळी सारखी..."

"सारखी? रक्त सारखं आहे काय?"

भाविका रडत होती. धम्मदीप दारात होता, प्लास्टिकच्या खुर्च्यांची चळत हातात. पंखा बंद कर म्हणावं तितक्या सहज तो म्हणाला, "कशाला वाढवायचं? बंद कर ते पाळणाघर. नाहीतरी घर घरासारखं राहत नाही."

परतताना रिक्षात प्रीती म्हणाली, "अहो, एवढं एक राहू द्या ना माझं."

"मुलं सांभाळायला कोण नको म्हणतंय? तेजू आहे ना. तिला सांभाळ."

त्याला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. त्याच्या चेहऱ्यावर रागसुद्धा नव्हता. राग असता तर ती भांडली असती.

महिनाअखेरीपर्यंत तिने एकेका आईला सांगितलं. घरात अडचण आहे, एवढंच. कोणती, ते कोणी विचारलं नाही. पोरं रोजच्यासारखी टाटा करून गेली, त्यांना काय कळणार.

चिमीच्या मम्मीचा फोन त्यानंतर काही दिवसांनी आला. "मावशी, नये वाले जगह में ती जेवतच नाही हो. तुम्हीच आमच्याकडे येऊन बसा ना दिवसभर. सिर्फ चिमी. तुम्ही म्हणाल तसं करू."

तुम्ही म्हणाल तसं. प्रीतीने फोन या कानावरून त्या कानाला नेला. तेजस्वी खिडकीच्या गजांना धरून खालच्या मुलांना हाका मारत होती, खाली कोणी वर बघत नव्हतं.

"नाही जमणार," प्रीती म्हणाली. "आमची तेजू असते ना माझ्याकडे."

"हां, हां. अपनी बच्ची पहले," चिमीची मम्मी लगेच म्हणाली, मनापासून.

"कोणाचा फोन?" तेजस्वीने मागे न बघता विचारलं.

"कोणाचा नाही."